भूत न मानणाऱ्या साळवेबाई

शाळेत रुजू झाले त्या दिवशी मुख्याध्यापिकेच्या टेबलावर मला एक पुस्तक दिसलं. जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर, त्यावर वहीला लावतात तशी चिठ्ठी आणि चिठ्ठीवर वळणदार अक्षरात लिहिलेलं, 'परिसर अभ्यास, भाग २'. बाई वर्गावर होत्या. नोकरी नवी होती, अंगात उत्साह होता. म्हटलं, उद्याच्या पाठाची तयारी करून ठेवावी. पुस्तक मधूनच उघडलं. एक नवी नवरी हातात दिवा घेऊन तळघराच्या पायऱ्या उतरत होती. खाली भिंतीला टेकून सहा बायका ओळीनं उभ्या होत्या, सहाही जणींचा चेहरा हिच्यासारखाच होता आणि ओळीत सातवी जागा रिकामी होती. मी पुस्तक मिटलं आणि माठाकडे जाऊन दोन ग्लास पाणी प्यायले.

तेवढ्यात साळवेबाई आल्या. बुटक्या, खळ घातलेली सुती साडी, चष्म्याला काळा गोफ. माझ्याकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "वाचलं का ते पान? मंग आता तुझी सुटका न्हाई. मागचं वाचल्याबिगर झोप लागायची न्हाई तुला." झोप मला चांगली लागली. मागचं मी वाचलं नाही. भीतीच्या गोष्टी मला लहानपणापासून आवडत नाहीत आणि बाईंच्या बरोबर अकरा वर्षं काढूनही ती आवड काही लागली नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

आमची शाळा टेंभुर्णीच्या पुढं, चार किलोमीटर आत, एका वस्तीवर. दोन खोल्या, दोन शिक्षिका, चार वर्ग. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी बाईंकडे. दोघीही भोकरदनला राहायचो. सकाळी जीपमध्ये कोंबून टेंभुर्णीपर्यंत आणि तिथून कुणाच्या मोटारसायकलवर, नाहीतर पायी. शिकवण्याचा थकवा मला कधी आला नाही, पण शिकवण्यापर्यंत पोचण्याचा यायचा. पोचल्यावर कसलीतरी माहिती कुठल्यातरी लिंकवर भरायची असायची आणि वस्तीवर रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ. टाकीच्या सावलीत मोबाईल वर धरून उभी असलेली एक बाई, असं माझं त्या अकरा वर्षांतलं चित्र काढता येईल. त्याच चित्रात पलीकडे कडुनिंबाखाली खुर्ची टाकून, मधल्या सुट्टीत, मांडीवर पुस्तक घेतलेल्या साळवेबाई येतील.

त्या पुस्तकांत काय नसायचं! ओसाड गढ्या, भिंतीतून ऐकू येणारे श्वास, मेलेल्या मालकिणीची खोली रोज झाडून घेणाऱ्या नोकराण्या, हाडांचे मुकुट घातलेले राजे, माणसांच्या आठवणी खाऊन जगणारी जनावरं. आधी त्या तालुक्याच्या वाचनालयातून आणायच्या. तिथलं कपाट दोनदा वाचून झालं, तेव्हा पुण्याला शिकणारी त्यांची मुलगी प्रज्ञा पार्सलनं पाठवायला लागली, जाडजूड अनुवाद आणि कधीकधी थेट इंग्रजीतलं. इंग्रजी पुस्तक असलं की पिशवीत शब्दकोशही यायचा. मुखपृष्ठावर सांगाडा, रक्त, वटवाघूळ असलं काहीतरी असतंच. पहिलीतली पोरं घाबरतील म्हणून प्रत्येक पुस्तकाला कव्हर, आणि कव्हर घातलं की विषय लिहायचा ही शिक्षकाच्या हाताची सवय. म्हणून रक्तपिपासू सरदाराची कथा 'गणित' होती आणि बुडालेल्या गावातल्या प्रेतांची 'कार्यानुभव'.

एप्रिल महिन्यात पत्र्याखाली बसवत नाही आमच्याकडे. खिचडी शिजवणाऱ्या मावशीसुद्धा चूल पेटवून बाहेर पळायच्या. अशा वेळी बाईंच्या हातात बर्फानं झाकलेला किल्ला असायचा. मी घामानं निथळत वारा घेत असायची आणि बाई पदर अंगाभोवती लपेटून घ्यायच्या. अगदी खरोखर. एकदा मी चिडून म्हटलं, "बाई, बेचाळीस डिग्री आहे." तर म्हणाल्या, "तिथं न्हाई ना. तिथं धुकं पडून राह्यलंय. तू ये इकडं, सावलीला बस, मी मोठ्यानं वाचते." मी गेले नाही. आता वाटतं जायला हवं होतं, पण तेव्हा डोळे मिटून पाच मिनिटं पडण्यापलीकडे माझ्यात काही शिल्लक नसायचं.

गंमत अशी की बाई भूत मानत नव्हत्या. त्यांचं घर बौद्ध. त्या म्हणायच्या, "आमच्या आजोबानं देव सोडले तवाच भूतंबी सोडली. दोन्ही एकाच गाठोड्यात व्हती." वस्तीवर कुणाला झपाटलं, कुणी लिंबू-मिरची उतरवली की बाई सरळ त्या घरी जायच्या, पोराच्या कपाळाला हात लावून ताप बघायच्या आणि त्याच्या बापाला फैलावर घ्यायच्या. मी एकदा विचारलंच, मानत नाही तर वाचता कशाला? "मानत न्हाई म्हणूनच तर मजा येते, वर्षा. मानणाऱ्याला कशाची मजा? त्याला बिचाऱ्याला निस्तं भ्याव." हे बोलताना त्यांचा चेहरा कैरी खाणाऱ्या पोरीसारखा व्हायचा.

एकदा मात्र ही मजा अंगाशी आली. चौथीच्या पोरांना त्यांनी स्वतःच्या मनानं रचून एक गोष्ट सांगितली. एका गावात भर दुपारी माणसांच्या सावल्या मालकाला सोडून विहिरीवर पाणी प्यायला जातात. मालक जेवून झोपलेले असतात, त्यांना पत्ता नसतो. एक दिवस सगळ्या सावल्या परत येतात, एक येत नाही. एवढंच. पुढं काय झालं हे बाईंनी सांगितलं नाही, घंटा झाली होती. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एकही पोरगं मैदानात नाही. सगळी व्हरांड्यात, आपापल्या सावलीवर बसलेली. त्यातलं एक घरी जाऊन दुपारी झोपायला तयार होईना. पालक आले, शाळा समितीचे अध्यक्ष आले, त्यांच्या पाठोपाठ दोन दिवसांनी केंद्रप्रमुख आले.

केंद्रप्रमुखांनी जरा खाकरून विचारलं, "मॅडम, तुम्ही मुलांना भुताच्या गोष्टी सांगता अशी तक्रार आहे." बाईंनी चौथीचं पुस्तक काढून पुढं ठेवलं. "भूत बिलकुल सांगितलं न्हाई, सर. सावली सांगितली. सावली अभ्यासक्रमात हाय." मग त्यांनी सगळ्या पोरांना मैदानात काढलं, प्रत्येकाच्या हातात खडू दिला आणि सकाळी, दुपारी, संध्याकाळी आपापल्या सावलीभोवती रेघ मारायला लावली. संध्याकाळपर्यंत पोरांना कळलं की सावली कुठंही जात नाही, नुसती लांब होते आणि आखूड होते. केंद्रप्रमुखांनी शेरा चांगला दिला. जाताना मला हळूच विचारून गेले, "ती सावली परत आली का हो शेवटी?"

मी बाईंना विचारलं होतं की एवढं वाचून मन थकत नाही का. माझं तर बातम्या बघूनच थकतं. तेव्हा त्या जे बोलल्या ते माझ्या डोक्यात राहिलं. "भीती कशी, शिस्तीत पायजे. पहिल्या पानावर आली, शेवटल्या पानावर गेली. जगातली भीती तशी न्हाई ना. ती येते कधी ते कळत न्हाई अन् जायचं नाव घेत न्हाई." आणि मग, नवं पुस्तक चाळता चाळता, "या कादंबऱ्यांत गोष्ट एकच असते बघ. घरातले सगळे काहीतरी लपवून राह्यलेत अन् नवी आलेली बाई ते हुडकून राह्यली. बाकी वटवाघळं, मेणबत्त्या, ते सगळं वरचं मीठ-मसाला."

तीन वर्षांपूर्वी बाई निवृत्त झाल्या. जुन्या कादंबऱ्या पुन्हा वाचायच्या, इंग्रजीतल्या नव्या वाचायच्या, असा मोठा बेत होता. सहा महिन्यांत शुगरनं डोळे धरले. लेझर झालं, इंजेक्शनं झाली, पण छापलेलं अक्षर काही हाती लागेना. माणूस दिसायचा, दार दिसायचं, ओळ दिसायची नाही. एके दिवशी मी भेटायला गेले तर बाई पुस्तक उघडून नाकाला लावून बसल्या होत्या. वाचत नव्हत्या, नुसत्या बसल्या होत्या. मला एकदम भरून आलं आणि त्या भरात मी म्हणून गेले, "मी वाचून दाखवते ना, दर रविवारी."

भरात दिलेला शब्द निभावताना जीव जातो. रविवार हा माझा धुण्याचा, निवडण्याचा, दळणाचा दिवस. बाईंच्या जागी आलेल्या सरांची बदली झाल्यावर चारही वर्ग माझ्याकडे आले होते. कित्येक रविवारी बाईंच्या गल्लीत वळताना मी मनातल्या मनात चिडलेली असायची, हे कबूल करते. पहिल्यापहिल्यांदा माझं वाचन ऐकून बाई हसायच्या. "हजेरी घेतल्यासारखं कामून वाचून राह्यली? दार उघडून राह्यलंय तिथं, जरा थांब तरी." मी थांबायला शिकले. कुठं आवाज खाली घ्यायचा ते शिकले. ऐकताना बाई पायाचे अंगठे दाबून धरायच्या आणि वाईट काही घडलं की समाधानानं सोडायच्या. सूनबाई चहा घेऊन आली की दारातच थबकायची आणि "बाई गं, मी न्हाई आत येत" म्हणून कप उंबऱ्यावर ठेवून पळायची.

गेल्या दिवाळीनंतर बाईंचं पोट दुखायला लागलं. वजन उतरलं, जेवण तुटलं. मुलगा अमोल त्यांना संभाजीनगरला घेऊन गेला, तपासण्या झाल्या, चार दिवसांनी परत आणलं. अमोलचं भोकरदनलाच पंपाच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करून द्यायचं दुकान आहे. जाता-येता मी तिथं थांबत नाही, पण त्या दिवशी त्यानंच हाक मारली. हातात तांब्याच्या तारेचं वेटोळं होतं. ते गुंडाळत गुंडाळत, माझ्याकडे न बघता बोलत होता. "मावशी, आईला कॅन्सर हाय. पोटात. डॉक्टर म्हणले, आता ऑपरेशनचा फायदा न्हाई. दोन महिने, फार तर तीन."  तो म्हणाला, "आईला सांगायचं न्हाई. अल्सर हाय म्हणून सांगितलंय. अन् प्रज्ञालाबी न्हाई. तिची स्पर्धा परीक्षा दीड महिन्यावर आली, चार वर्षं घातली तिनं त्यात. परीक्षा झाली की सांगू. तुम्ही कसं, आमच्या घरच्याच की."

मी मान हलवली. मला त्यात काही चुकीचं वाटलंही नाही. आमच्याकडे हीच रीत आहे. माझ्या सासऱ्यांनाही आम्ही शेवटपर्यंत 'कावीळ' सांगितली होती आणि ते गेल्यावर सगळ्यांनी म्हटलं होतं, बरं झालं, त्यांना कळलं नाही. अमोल काही वाईट मुलगा नाही. रोज दुकान बंद करून आईचे पाय चेपत बसायचा. मी त्याला शब्द दिला.

त्या सुमारास आमची एक मोठी कादंबरी चालली होती. मिठागरांच्या राज्यातली एक राणी असते. राजवाड्याखाली काहीतरी राहतं, त्याला दर वर्षी तिनं आपली एक आठवण द्यायची, मग राज्यात समुद्र शिरत नाही. आठवणी देत देत ती आपल्या आईचा चेहरा विसरते, नवऱ्याचं नाव विसरते, शेवटी तिच्याकडे देण्यासारखं काही उरत नाही आणि ती स्वतःच खाली उतरून जाते. साडेचारशे पानं. शेवटचं प्रकरण मी घरी आधी वाचून बघितलं. त्यात ती राणी मरते, आणि पटकन नाही. नऊ पानं मरते. लेखकानं तिचा एकेक श्वास लिहिला होता. मी ती पानं वाचून मोरीत जाऊन तोंड धुतलं. बाईंसमोर बसून, त्या पायाचे अंगठे दाबून धरणार आणि मी हे वाचणार? मला ते होणार नव्हतं.

रविवारी मी ती नऊ पानं उलटली आणि मनानंच सांगायला लागले. राणी खाली उतरते, इतक्यात सगळी प्रजा हातात दिवे घेऊन येते, सगळे आपापली एकेक आठवण देतात, ते जनावर तृप्त होऊन झोपी जातं. राणीला हळूहळू सगळं आठवतं. ती बरी होते आणि नवऱ्याबरोबर आईकडे राहायला जाते. चौदा वर्षं पहिली-दुसरीला गोष्टी सांगितल्यात मी, त्या वळणावरच गाडी गेली. शेवटी 'एकीचे बळ' म्हणायचं तेवढं राहिलं होतं.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हसायला लागल्या. पोट धरून हसल्या, दुखलं तशा थांबल्या. "साडेचारशे पानं त्या माणसानं तिला मारायला तयारी केली अन् शेवटी ती माहेरी गेली? इतकी भंगार कादंबरी कुणी लिहीत नसतं, वर्षा. तू पानं गाळली." मी म्हटलं, नाही हो बाई. "किती गाळली?" मी पान उलटलं. "दोन वर्षं झाली, तू पोरांची मुंडकी उडताना वाचलीस. विहिरीतली बाई वाचलीस. एक ओळ कधी सोडली न्हाई. अन् आज तुला राणी मारवली न्हाई." त्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांना माझा चेहरा नीट दिसत नव्हता हे मला माहीत होतं, तरी मी मान खाली घातली. "म्हणजे मला अल्सर न्हाई."

मी पुस्तकाची कडा धरून बसले होते. बाई शांतपणे सांगत होत्या, वर्गात उत्तर समजावतात तसं. "मला वास आल्ताच. महिना झाला, अमोल माझ्यावर एकदाबी चिडला न्हाई. सून रोज विचारती, आई काय करू तुम्हाला. मी खोलीत गेले की बोलणं बंद. फाइल कपाटाच्या वर हाय. दिसत न्हाई मला, पण ठेवताना स्टूल सरकवलेला ऐकू येतो. वर्षा, जिंदगीभर मी हेच वाचून राह्यले. घरातले सगळे लपवून राह्यलेत. मला कळणार न्हाई व्हय? काढ ती फाइल."

मी म्हटलं, अमोलला शब्द दिलाय. तो येईल तेव्हा त्यालाच विचारा. मला जायला हवं, दळण राहिलंय. खरंच असंच म्हणाले मी. बाईंनी माझा हात धरला. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

"मी औरंगाबादला डी.एड.ला व्हते. चुलता होस्टेलवर आला. म्हणला, आई जरा बिमार हाय, चल. एसटीत मला खिडकी दिली. केळी घेऊन दिली. मी सगळ्या रस्त्यानं ठरवून राह्यले, गेल्या गेल्या आईला सांगायचं की मी वर्गात पहिली आले. शहागडच्या फाट्यावर उतरलो. तिथं हॉटेलवाला व्हता ओळखीचा, चहा दिला अन् पैसे घेतले न्हाईत. मान खाली घालून कप धुवून राह्यला. तवा मला समजलं. घरी पोचले तर आईला माती देऊन सगळे परत आले व्हते. आंगण सारवून घेतल्तं. चुलता म्हणला, रस्त्यात तुला त्रास नको म्हणून सांगितलं न्हाई." बाईंचा हात थंड होता. "त्यो त्रास माझा व्हता, वर्षा. माझ्या वाट्याचा. त्यो त्यांनी कामून ठेवून घेतला? आता प्रज्ञाला बोलावतील तसंच. परीक्षा झाली की. आई जरा बिमार हाय, निघ. ती पोरगी पुण्याहून केळी खात येईल."

सून शेजारी गेली होती, अमोल दुकानात होता. मी स्टूल सरकवला आणि फाइल काढली. इंग्रजीत होती, बरंचसं मला कळत नव्हतं, पण जे कळायला हवं होतं ते स्वच्छ लिहिलेलं होतं. पहिल्या ओळीपासून वाचलं. ओळ वाचायची, मराठीत सांगायची, पुढची ओळ.  बाईंनी दोनच प्रश्न विचारले. गाठ नेमकी कुठं आहे, आणि किती दिवस. मी सांगितलं, दोन ते तीन महिने, आणि त्यातला एक होऊन गेला. त्या बराच वेळ खिडकीकडे तोंड करून बसल्या. रडल्या का ते मला माहीत नाही, मी बघितलं नाही. मग म्हणाल्या, "चहा ठेव दोघींना. मंग प्रज्ञाला फोन लाव."

त्या फोनवर काय बोलल्या ते जसंच्या तसं सांगते. "प्रज्ञा, कुठं हायस? खोलीवर? बस खाली. बसलीस का? मला पोटात कॅन्सर हाय. कागदावर लिहिलंय त्यातले एक-दोन महिने राह्यलेत. आज मी बरी हाय, सकाळी वरण-भात जेवले. तुला आत्ता यायचं तर ये. परीक्षा देऊन यायचं तर तसं ये, मी जमेल तेवढं थांबते, पण त्याची गॅरंटी न्हाई. काय ते तू ठरव, पण समजून ठरव. दादावर चिडू नको, त्यानं मायेपोटी केलं." पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. बाईंनी फोन कानाला तसाच धरून ठेवला होता आणि मधूनमधून "हं… हं… रड" एवढंच म्हणत होत्या.

अमोल संध्याकाळी आला तेव्हा मी तिथंच होते. पळून जाणं बरं दिसलं नसतं. तो आधी आईजवळ जाऊन बसला. मग मला दारापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्हाला घरची समजलो व्हतो." मावशीची मॅडम झाले होते.  प्रज्ञा दुसऱ्याच दिवशी आली आणि परत गेली नाही. परीक्षेचा दिवस आला आणि गेला, ती आईच्या उशाशी होती. तिची चार वर्षं मी वाया घालवली, असं अमोल नातेवाइकांना सांगतो. ते साफ खोटं आहे असं मला म्हणता येत नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी ती नऊ पानं वाचली. प्रज्ञा बाजूला बसली होती. राणी पूर्ण मेली. बाईंनी अंगठे सोडले, "हां, हे बराबर" म्हणाल्या आणि झोपल्या. पुढच्या रविवारी नवं पुस्तक सुरू केलं, ते संपायला पाहिजे म्हणून प्रज्ञा रोज दुपारी वाचायची. संपलं नाही. फोन केल्यापासून सव्वीसाव्या दिवशी, सकाळी साडेनऊला, साळवेबाई गेल्या. मी त्या वेळी शाळेत होते, चार वर्गांची हजेरी घेत होते. प्रज्ञाचा फोन आला. तिनं 'जरा बिमार' वगैरे काही म्हटलं नाही. "मावशी, आई गेली," एवढंच सरळ सांगितलं.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बाईंना श्रद्धांजली वाहायच्या दिवशी मी जाऊ की नको करत गेले. अमोलनं मला नमस्कार केला, पण बोलला नाही. मी मागच्या ओळीत भिंतीला टेकून बसले. मला फार थकल्यासारखं वाटत होतं. अकरा वर्षांचा, त्या सगळ्या रविवारांचा थकवा एकदम अंगावर आल्यासारखा. बुद्धवंदना झाली, माणसं उठली. प्रज्ञा माझ्याजवळ येऊन बसली. मी म्हटलं, "प्रज्ञा, माझ्यामुळं तुझी परीक्षा गेली गं."

ती भिंतीला टेकली. मग म्हणाली, "त्या दिवशी पुण्याहून निघाले तशी मी रडून राह्यले व्हते, मावशी. नगर आलं तरी रडून राह्यले, संभाजीनगर आलं तरी. शेजारची बाई पाणी देऊन थकली. भोकरदनच्या स्टँडवर उतरले तवा डोळ्यात एक थेंब उरला नव्हता. घरी आले, कडी वाजवली, अन् आईनं दार उघडलं."